लेझर कापेनासा झाला म्हणून लगेच ट्यूब मागवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला घरी के-४० जातीचे, ४० वॅटचे म्हणून विकले जाणारे, लेझरने कापायचे मशीन आहे आणि ते दोन वर्षे चालू आहे. ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या भुशाचा बोर्ड) पूर्वी १० मिमी प्रति सेकंद वेगाने एका पासमध्ये, म्हणजे किरणाच्या एकाच फेरीत, सुटायचा. आता तीन पास मारले तरी मागचा थर धरून राहतो आणि कड काळीकुट्ट होते. पॅनेलवरची पॉवर ७० टक्क्यांवरून ९५ वर नेली, तरी फरक नाही. डाव्या-मागच्या कोपऱ्यात बरे कापते, उजवीकडे पुढे अजिबात नाही. सकाळी पहिला तुकडा ठीक निघतो, तासाभरात घसरण सुरू होते. थंड करायला बादलीत बोअरचे पाणी आणि बर्फाच्या बाटल्या. विक्रेता म्हणतो ट्यूब, म्हणजे लेझरचा प्रकाश जिच्यात तयार होतो ती काचेची नळी, गेली, नवी घ्या. आणि गणपती तोंडावर आले आहेत, मखरांच्या ऑर्डरी घेतलेल्या आहेत.

ट्यूब मागवू नका, निदान या आठवड्यात तरी नको. तुम्ही दिलेल्या माहितीत एकट्या ट्यूबकडे बोट दाखवणारे काहीच नाही, उलट दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. ट्यूब म्हातारी झाली की सगळ्या कोपऱ्यांत सारखेच कमी कापते. तुमच्याकडे एक कोपरा ठीक आणि दुसरा बंद, म्हणजे प्रकाश वाटेत सांडतोय. सकाळी ठीक आणि नंतर ढिला, म्हणजे पाण्याचा मामला आहे. आणि श्रावणातला कोकणातला एमडीएफ हा मे महिन्यातल्या एमडीएफसारखा वागत नाही. ट्यूब थकलेलीही असू शकेल, पण ते शेवटी ठरवायचे.

सगळ्यात आधी ते ९५ टक्के खाली आणा. आत्ता, हे वाचता वाचता. या मशीनमधली साधारण ७०० मिमी लांबीची ट्यूब प्रत्यक्षात ३० ते ३५ वॅट देते, ४० हा आकडा जाहिरातीचा. तिला १८ मिलिॲम्पियरच्या वर करंट सोसत नाही आणि आयुष्य हवे असेल तर १५ च्या आत ठेवावा. त्यापुढे करंट वाढवला तरी प्रकाश वाढत नाही. आतला कार्बन डायऑक्साइड फुटत जातो आणि इलेक्ट्रोड झिजतात. पॅनेलवरच्या टक्क्यांचे मिलिॲम्पियरशी ठरलेले नाते नाही. एका मशीनवर ६० टक्क्यांना १५ येतात, दुसऱ्यावर ८० ला. म्हणून ० ते ३० मिलिॲम्पियरचा साधा काट्याचा मीटर बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो, जिल्ह्याच्या गावीही मागवून देतात. तो ट्यूबच्या परतीच्या वायरीत बसतो, म्हणजे ज्या टोकातून प्रकाश बाहेर पडतो तिथून निघून पॉवर सप्लायच्या एल-मायनसला जाणाऱ्या वायरीत. दुसऱ्या टोकाच्या जाड लाल वायरीला हातसुद्धा लावायचा नाही. तिथे ट्यूब पेटताना वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि तो जीव घेतो. प्लग काढून, थोडा वेळ थांबून मगच झाकण उघडा, आणि घरातली तीन पिनांमधली अर्थिंगची पिन खरोखर जमिनीत गेली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत ती पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते.

मीटर बसला की अर्धे निदान आपोआप होते. बटण दाबून काटा १२-१४ वर स्थिर चढत असेल तर पॉवर सप्लाय काम करतोय आणि प्रकाश ट्यूबमध्ये किंवा पुढे वाटेत कमी होतोय. पॅनेलवर आकडा वाढवूनही काटा ६-७ च्या पुढे जात नसेल, थरथरत असेल किंवा ट्यूबच्या टोकाशी तडतड ऐकू येत असेल तर पॉवर सप्लाय, वायरीचा जोड किंवा पाण्यातून होणारी गळती शोधायची. संध्याकाळी घरातले व्होल्टेज पडत असेल तर त्याचाही हिशेब इथेच लागतो. मूळ कंट्रोलर बोर्ड असलेल्या के-४० मध्ये सॉफ्टवेअरमधून पॉवर बदलता येत नाही, ती फक्त पॅनेलवरून किंवा नॉबवरून बदलते. तेव्हा संगणकावर आकडे फिरवण्यात वेळ घालवू नका.

आता लेन्स. माझा पहिला संशय तिच्यावर आहे. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि रेझिन. तो जळताना निघणारा चिकट तपकिरी धूर वर जातो आणि पहिल्यांदा लेन्सच्या खालच्या बाजूला बसतो. मालावरून फिरणाऱ्या डोक्याखालची रिंग फिरवून लेन्स काढा, खिडकीकडे तोंड करून तिरकी धरा आणि पाहा. झिंक सेलेनाइडची चांगली लेन्स स्वच्छ पिवळी, मधाच्या रंगाची दिसते. मध्यभागी मंद, दुधट ठिपका दिसला, किंवा कोटिंगवर बारीक खड्डे दिसले, तर ती लेन्स बाद. स्वच्छ करून भागायचे नाही. नुसता तपकिरी थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लेन्स पेपरवर घेऊन, कागद हलकेच ओढत न्या. घासायचे नाही, आणि एक कागद एकदाच वापरायचा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे अल्कोहोल मिळते. हाताचे सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असते आणि त्याचा थर मागे राहतो. लेन्स तडकली किंवा फुटली तर तुकडे उघड्या हातांनी गोळा करू नका, पूड श्वासात जाऊ देऊ नका, कारण सेलेनियमचे हे संयुग विषारी आहे.

परत बसवताना फुगीर बाजू वर, सपाट बाजू मालाकडे. साफसफाईनंतर लेन्स उलटी बसली म्हणून कापणे ढिले पडलेली मशीन्स मी पुष्कळ पाहिली आहेत. ओळखायचे असे: लेन्सवर पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. सपाट बाजूला ते सरळसोट, खऱ्या आकाराचे दिसते, फुगीर बाजूला लहान होते. याच बैठकीत तिन्ही आरसे पुसून घ्या. मॉलिब्डेनमचे असतील तर थोडा जोर चालतो. सोनेरी मुलामा दिलेले असतील तर लेन्सइतकेच जपून.

तुमच्या कोपऱ्यांच्या तक्रारीचे उत्तर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे आरसे एका रेषेत असण्यात, आहे. ट्यूब मागे आडवी, पहिला आरसा तिच्या टोकाशी डावीकडे, दुसरा गॅन्ट्रीच्या (मागे-पुढे सरकणाऱ्या आडव्या दांडीच्या) डाव्या टोकाला, तिसरा डोक्यात. गॅन्ट्री पुढे आली आणि डोके उजवीकडे गेले की प्रकाशाची वाट सर्वात लांब होते. आरशात केसभर तिरकेपणा असेल तर मागच्या-डाव्या कोपऱ्यात तो कळत नाही, पुढच्या-उजव्या कोपऱ्यात किरण डोक्याच्या भोकाच्या कडेवर आदळतो आणि अर्धा प्रकाश तिथेच धातू तापवत बसतो. तुमचे लक्षण तंतोतंत हेच आहे.

दुसऱ्या आरशाच्या चौकटीवर, आरशाला न चिकटवता, मास्किंग टेपचा तुकडा लावा. गॅन्ट्री अगदी मागे न्या, झाकण बंद करून कमी पॉवरवर टेस्टचे बटण क्षणभर दाबा. टेपवर लहान तपकिरी ठसा उमटेल. आता गॅन्ट्री पूर्ण पुढे ओढा आणि त्याच टेपवर पुन्हा दाबा. दोन ठसे एकमेकांवर बसले तर पहिला आरसा बरोबर. वेगळे पडले तर पहिल्या आरशाचे स्क्रू पाव पाव फेरा फिरवत लांबचा ठसा जवळच्या ठशावर आणायचा. जवळचा हलवण्याच्या मागे लागू नका. मग टेप डोक्याच्या तोंडावर लावून, डोके डावीकडे आणि उजवीकडे नेऊन तेच दुसऱ्या आरशासाठी करा. शेवटी चारही कोपऱ्यांत तपासा. ठसे एकावर एक बसतात पण भोकाच्या मध्यावर नाहीत, असे झाले तर स्क्रू फिरवून उपयोग नाही. ट्यूबची किंवा आरशाच्या स्टँडची उंची वर-खाली करावी लागते, खाली पातळ पॅकिंग घालून. बरेचजण इथे येऊन स्क्रूशी झटत बसतात आणि जमलेलेही बिघडवतात.

तिसऱ्या आरशाचे लक्षण वेगळे असते. किरण सरळ खाली पडत नसेल तर तो नोझलच्या आतल्या भिंतीला घासतो. पाच मिनिटे कापल्यावर मशीन थांबवून नोझलच्या टोकाला बोट लावून पाहा. चांगले गरम लागले तर किरण आत घासतोय. कापलेली कड तिरपी असेल, एका बाजूला जास्त काळी असेल, तरी हाच अर्थ.

या सगळ्या चाचण्यांत झाकण बंद, आणि डोळ्यांना १०,६०० नॅनोमीटरसाठीचा चष्मा. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा मिटायचीही वेळ मिळत नाही.

फोकसचे लवकर सांगतो. या मशीनची लेन्स ५०.८ मिमीची असते. ३ मिमी माल कापताना फोकस जाडीच्या मध्यावर हवा, म्हणजे लेन्सपासून मालाच्या वरच्या पृष्ठापर्यंत सुमारे ४९.३ मिमी. पण स्वस्त लेन्सचे अंतर छापल्याप्रमाणे असेलच असे नाही. एक टाकाऊ पट्टी एका टोकाखाली आधार देऊन तिरकी ठेवा, तिच्यावरून एक सरळ रेघ काढा, आणि रेघ जिथे सर्वात बारीक आली तिथली उंची मोजा. त्या उंचीचे गेज ॲक्रिलिकचे कापून ठेवा. पावसाळ्यात एमडीएफची शीट मधे फुगते. गेज फक्त कोपऱ्यात लावलेत तर मधला भाग फोकसच्या बाहेरच राहतो. शीटच्या कडांना वजने किंवा लोहचुंबक लावून ती सपाट करा.

आता पाणी. याबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण कोकणातल्या मशीनमालकांना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो आणि उपाय म्हणून जे करतात त्यानेच नुकसान होते.

हा कार्बन डायऑक्साइड लेझर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. सुरुवातीला नुसता कार्बन डायऑक्साइड होता आणि शक्ती अगदी थोडी. नायट्रोजन घातल्यावर ती कितीतरी वाढली, कारण विजेने उत्तेजित झालेला नायट्रोजन आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला अचूक देऊ शकतो. पुढे हेलियम आले. कार्बन डायऑक्साइडचा रेणू प्रकाश देऊन झाला की खालच्या एका पातळीवर येऊन थांबतो. तिथून तो लवकर निघाला तरच पुन्हा कामाला येतो. हेलियम त्याला तिथून हलवतो आणि उष्णता काचेकडे वाहून नेतो. गॅस तापला की ती खालची पातळी उष्णतेनेच भरून जाते आणि करंट तेवढाच असूनही प्रकाश कमी निघतो. तासाभराने तुमचे कापणे घसरते त्यामागचे कारण हे आहे.

हिशेब करून पाहा. काम चालू असताना ट्यूबमधून पाण्यात ढोबळमानाने २०० वॅट उष्णता जाते. १५ लिटरची बादली असेल तर तासभर सलग फायरिंगमध्ये पाणी ११ अंशांच्या आसपास चढते. २६ वर सुरू केलेत तर ३७ ला पोचाल. ट्यूबला १८ ते २५ अंश मानवते, आणि ३० च्या वर गेले की थांबावेच.

म्हणून बर्फ घालायचा? मे महिन्यात नागपुरात घाला, तिथली हवा कोरडी असते. चिपळूणला ऑगस्टमध्ये हवा २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५-९० टक्के असते, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो) २५ च्या जवळपास. तुम्ही बर्फाने पाणी १८-२० वर आणता तेव्हा ट्यूबच्या काचेवर, आणि जिथून प्रकाश बाहेर पडतो त्या तोंडाच्या आरशावर, दव धरते. त्या ओलाव्यात प्रकाश शोषला जातो, धूळ चिकटून कोटिंग जळते आणि उच्च दाबाच्या टोकाशी ओलीवरून ठिणगी उडते. तपासायची सोपी रीत: बादलीतले पाणी स्टीलच्या भांड्यात घेऊन मशीनजवळ दहा मिनिटे ठेवा. भांडे बाहेरून ओले झाले तर ते पाणी या हवेसाठी फार थंड आहे. पावसाळ्यात पाणी २५-२६ वर ठेवा. थोडी शक्ती कमी मिळेल, ती वेग कमी करून भरून काढा. बादली मोठी करा, ५० लिटरचा ड्रम सर्वात स्वस्त उपाय आहे. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यायचाच असेल तर लक्षात ठेवा की सीडब्ल्यू-३००० म्हणजे नुसता पंखा आणि रेडिएटर, खोलीच्या तापमानाखाली तो पाणी नेऊ शकत नाही. खरे थंड करणारे सीडब्ल्यू-५००० पासून पुढे. त्यातही पावसाळ्यात तापमान २५-२६ वरच लावा.

आणि बोअरचे पाणी आजच ओता. त्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहते, उच्च दाबाचा काही भाग काचेतून पाण्यात आणि पाण्यातून पंपाकडे गळतो. बादलीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर मशीन ताबडतोब बंद करा. शिवाय क्षारांचा थर आतल्या काचेवर बसला की उष्णता बाहेर येत नाही. डिस्टिल्ड वॉटर भरा, ड्रम झाकून अंधारात ठेवा म्हणजे शेवाळ धरणार नाही, आणि ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना ते रोज पाहा. अडकला असेल तर पंप चालू ठेवून मशीनची एक बाजू उचला, तो निघून जातो.

माल बदललाय का, हेही बघा. नव्या लॉटमध्ये तुम्हाला पाणी-प्रतिरोधक ग्रेडचा एमडीएफ किंवा एचडीएचएमआर दिला गेला असेल तर तो जास्त घट्ट असतो, जुन्या सेटिंगला सुटणार नाही. प्लायवूडमध्येही असेच. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) आणि मरीन प्लायमधला काळा फिनॉलिक डिंक हे मशीन जेमतेम कापते, एमआर (नुसता ओलावा सोसणारा) ग्रेड सोपा जातो. शंका फेडायला ३ मिमी ॲक्रिलिकचा एक तुकडा कापून पाहा. ॲक्रिलिकवर पावसाळ्याचा फारसा परिणाम होत नाही. ते पूर्वीच्याच वेगाला सुटले आणि एमडीएफ सुटला नाही, तर दोष मशीनचा नाही. ओल्या शीट उन्हात टाकू नका, वाकतात. घरात सपाट रचून, वर वजन ठेवून, पंख्याखाली दोन-तीन दिवस राहू द्या आणि नंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळा. मखराच्या सजावटीसाठी कोणी सनबोर्ड कापायला दिला तर सरळ नकार द्या. तो पीव्हीसी असतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तुमची फुप्फुसे आणि मशीनचे लोखंड दोन्ही खातो.

एअर असिस्ट, म्हणजे कापाच्या जागी हवा फुंकायची सोय, नसेल, किंवा मत्स्यटाकीचा लहान पंप लावला असेल, तर एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर लावा. कापाच्या फटीत धूर आणि जळका भुसा साचला की पुढचा प्रकाश तिथेच अडतो. तुमची काळी कड बरीचशी यामुळेच आहे. हवा नीट मिळाली की लेन्सही स्वच्छ राहते. एक्झॉस्टची पाइप मागे चेपली आहे का तेही पाहा. आणि मशीन कापत असताना खोली सोडून जाऊ नका, एमडीएफ पेट घेतो.

इतके सगळे करूनही कापले नाही, तर ट्यूबची परीक्षा घ्या. १० मिमी जाडीच्या ॲक्रिलिकचे तीन सारखे तुकडे घ्या. एक ट्यूबच्या तोंडासमोर पहिल्या आरशाआधी, एक दुसऱ्या आरशासमोर, एक डोक्याच्या तोंडाशी. दर वेळी प्लग काढून तुकडा बसवायचा, झाकण लावायचे, एक्झॉस्ट चालू करायचा आणि १० मिलिॲम्पियरवर बरोबर दोन सेकंद फायर करायचे. तिन्ही तुकड्यांत खड्डे पडतील. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने खोली मोजा. किरण पुढे जाताना जरा पसरतो, म्हणून थोडा फरक धरून चालायचे. पहिला खड्डा खोल आणि तिसरा त्याच्या निम्मा, तर प्रकाश आरशांत जातोय, ट्यूब निर्दोष. पहिलाच उथळ, तर ट्यूब. खड्ड्याचा आकारही बोलतो: तळाकडे निमुळता होत गेलेला एकच गोल खड्डा म्हणजे ट्यूब धडधाकट, कडेने कडे आणि मधे उंचवटा, किंवा शेजारी शेजारी दोन खड्डे, म्हणजे ट्यूबच्या आतले आरसे किंवा गॅस बिघडला. आतल्या गुलाबी-जांभळ्या प्रकाशाचा रंग पांढुरका झाला असेल तर तोही गॅस संपल्याचा पुरावा.

तसे निघाले तर नवी ट्यूब घ्या, आणि घेताना लेबलवरची बनवल्याची तारीख बघा. या काचेच्या ट्यूबमधला गॅस गोदामात पडून राहिल्यानेही उतरतो, दोन वर्षांपूर्वीची ट्यूब स्वस्तात मिळाली तरी नको. बसवताना पाणी बाहेर जाणारे तोंड वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फिरवा, म्हणजे बुडबुडे अडकणार नाहीत. उच्च दाबाचा जोड कोणा जाणकाराकडून करून घ्या आणि वरचे सिलिकॉन पूर्ण दिवस वाळू द्या. पहिल्याच दिवशी तोच दोन सेकंदांचा खड्डा एका ॲक्रिलिकच्या तुकड्यात पाडून, त्यावर तारीख, करंट आणि पाण्याचे तापमान मार्करने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा शंका आली तर ताडून बघायला तुमच्याच मशीनचा आकडा हाताशी असेल.